बारमाही समुद्र आणि भोकरची विहीर

लातूरच्या माणसानं लोकांना समुद्राच्या तळाशी पाठवायचा धंदा काढला, हे ऐकून सगळ्यात आधी माझे वडील हसले. मार्केट यार्डात आमचं पेंडीचं दुकान. गादीवर बसल्या बसल्या ते म्हणाले, "अरे, आपल्या नळाला आठ-आठ दिवस पाणी येत न्हाई आन् तू समुद्र विकणार?" तरी मी विकला. आधी देवदर्शनाच्या बस काढल्या, मग कोकणाच्या सहली आणि नंतर बरीच वर्षं फक्त स्कुबाच्या. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर काच लावायची आणि पाण्याखाली माशांच्या गल्लीबोळांतून अर्धा तास हिंडून यायचं, याला स्कुबा म्हणतात. आता ऑफिस सुनेनं हातात घेतलंय. मी दुपारी जाऊन बसतो, फुकटचे सल्ले देतो आणि तिच्या कपाळावर आठी आली की उठतो.

एक कबुली आधीच देऊन टाकतो. मला पोहता येत नाही. स्कुबाला पोहता यावंच लागतं असं नाही, म्हणून माझं निभावलं.

बाकी ठिकाणची गिऱ्हाइकं विचारतात, सगळ्यात सुंदर समुद्र कुठला? आमच्याकडचा प्रश्न निराळाच. "अप्पा, आमाला आता सवड हाय. आता कुठला समुद्र चालू हाय?" जणू काही रेशनचं दुकानच! पण त्यांचंही बरोबर असायचं. सोयाबीन घरात आल्याशिवाय एक माणूस हलत नाही. तुरीवाला त्याच्यानंतर. बसमतकडचा हळदवाला हळद शिजवून, वाळवून मोकळा होतो तेव्हा उन्हाळा डोक्यावर असतो. अर्धापूरच्या केळीवाल्याचा तर नेमच नाही. त्याचा घड बाराही महिने कापायला येतो, त्यामुळे त्याला ऐन श्रावणात हुक्की येते. लातूरचे आईबाप पोराची परीक्षा संपली की एकदम मोकळा श्वास घेतात आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारात. या सगळ्यांच्या सवडीत समुद्राला कुणी विचारलेलंच नसतं.

म्हणून मला बारमाही समुद्र पाहिजे होता. आमच्याकडे बारमाही या शब्दाला वजन आहे. मुलगी द्यायची तर आधी विचारतात, विहीर बारमाही हाय का?

पहिली काही वर्षं मी चुकत माकत शिकलो. आपला कोकण किनारा पावसाळ्याचे चार महिने बंद. वारा थेट अंगावर येतो, लाटा उसळतात आणि नद्या सगळा चिखल आणून ओततात. मालवणचे डाइव्हवाले तेव्हा होड्या ओढून शाकारून ठेवतात. अंदमान पावसात निम्मं चालतं, निम्मं रुसतं. मग कळलं की समुद्राचं पंचांग पावसावर कमी आणि वाऱ्याच्या दिशेवर जास्त चालतं. श्रीलंकेचंच बघा. आपल्या पावसाळ्यात त्यांचा पश्चिम किनारा आपल्यासारखाच खवळतो, पण मागच्या बाजूला, पूर्वेला, पाणी तांब्यातल्या पाण्यासारखं स्थिर. दिवाळीनंतर वारा फिरला की उलटं. पुढचं दार लागलं की मागचं उघडतं. थायलंडचं थोडंफार असंच, तिथं दोन बाजूंना दोन समुद्र. तांबड्या समुद्राच्या काठाला नदीच नाही, पाऊस नाही, मग गढूळ करणार कोण? तळं गढूळ होतं ते ओढ्यामुळंच, हे आमच्या गिऱ्हाइकांना समजावून सांगावं लागत नाही.

तरीसुद्धा नकाशा पाहून जागा ठरत नाही. माझी पद्धत अशी होती. रोज सकाळी पूजा आटोपली की दोन-तीन ठिकाणी फोन लावायचा आणि एकच विचारायचं, "आज पाणी किती फुटांपर्यंत दिसतंय?" उत्तर वहीत. जो डाइव्हवाला बाराही महिने "एकदम मस्त" म्हणायचा, त्याच्या नावावर वर्षाअखेर काट. जो म्हणायचा, "आज नका पाठवू," त्याला मी माणूस धाडायचो. शेवटी शहाणपण एवढंच आलं, की बारा महिने सारखा असा समुद्र जगात कुठं नाही. बारा महिने खरं बोलणारा माणूस मिळाला की झालं.

गिऱ्हाइकं मात्र एकापेक्षा एक. उदगीरचे एक डाळमिलवाले अण्णा, आमच्याच लिंगायत समाजातले, सगळं ठरल्यावर म्हणाले, "अप्पा, गळ्यातलं लिंग मी काढणार न्हाई. आन् खाली माशांच्या एवढ्या गर्दीत चुकून एखादा तोंडात गेला तर?" मी माझ्या गळ्यातलं दाखवलं. म्हटलं, रबरी पोशाखाच्या आत छातीशी कापडात गुंडाळून बांधतो, लिंग आणि माणूस दोन्ही सुखरूप राहतात. माशाचं म्हणाल तर तोंडात नळी असते, जागा नाही. अण्णा गेले, आले आणि पुढं महिनाभर दुकानात येईल त्याला माशांची नावं सांगत बसले.

आता जे सांगायचं नको वाटतं ते सांगतो.

आमच्याकडची माणसं विहिरीत पोहायला शिकतात. कमरेला वाळलेला भोपळा नाहीतर पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा आणि काठावरून ढकलून द्यायचं. यातून तयार झालेला गडी पाण्याला भीत नाही आणि त्याची सगळी इज्जत एका गोष्टीत असते, तो किती वेळ दम धरतो यात. सूर मारला, तळाची माती मुठीत घेऊन वर आला, की काठावरच्यांनी टाळ्या पिटायच्या. स्कुबात नेमकं हेच विष. विहिरीत तुम्ही वरची हवा छातीत घेऊन खाली जाता आणि तेवढीच घेऊन वर येता. स्कुबात हवा खाली घेतलेली असते, पाण्याच्या दाबाखालची. तेहतीस फुटांवर फुगवलेला फुगा वर येईस्तोवर दुप्पट होतो. गळा मोकळा ठेवून श्वास सोडत आलं तर काही होत नाही. दम धरून वर आलं तर छाती फाटते.

हे मला पाठ होतं आणि तरी माझ्या हातून घडलं. औशाकडचा बालाजी, पैलवान गडी. त्याला पाठवताना मी डाइव्हवाल्यांना फोनवर फुशारकी मारली, "ह्याची फिकीर करू नका, पट्टीचा पोहणारा आहे." त्यांनी फिकीर केली नाही. खाली कशाला तरी दचकून त्यानं सवयीनं दम धरला आणि सरळ वर उसळला. तोंडातून रक्त आलं. पुष्कळ दिवस दवाखान्यात काढून तो वाचला. आता शेती करतो, पण जड काम होत नाही. त्याची आई एकदा ऑफिसात आली. वाटलं, शिव्या देईल. तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, "अप्पा, तुमाला ठावं होतं. तुमी न्हाई म्हनायला पायजे होतं." त्या दिवसापासून मी नियम केला की आधी नांदेडच्या पोहण्याच्या तलावात टाकी लावून उतरायचं, तिथं जमलं तरच समुद्र. शिकवायला मालवणहून संतोष यायचा. पावसाळ्यात त्याचा समुद्र बंद, त्यामुळे माझ्या तलावाला तो मोकळा.

तर दोन वर्षांमागं, ऐन जुलैत, भोकरच्या जवळच्या एका गावातून तिघं जण आले. दत्तराव मामा, वय सहासष्ट, धोतर-टोपी. त्यांच्या पत्नी चंद्रकलाबाई. आणि मुलगी रेखा, मस्कतला दवाखान्यात नर्स. बोलणं बहुतेक रेखाच करत होती.

"अप्पा, बाबांना समुद्राखाली न्यायचंय. मी तिकडं शिकलेय, माझ्याकडं स्कुबाचं कार्ड आहे. माझी रजा वीस दिवस, त्यातले चार गेले."

दत्तराव म्हणाले, "पान्याचं मला काय शिकवता? दोन गावची पोरं माझ्या विहिरीवर तयार झाली. पोरगी हट्टाला पेटली म्हनून आलो, बाकी मला काय हौस न्हाई."

जुलै महिना, सहासष्ट वय आणि वर विहिरीचा उस्ताद! मी सरळ म्हटलं, दिवाळीनंतर मालवणला जा. रेखाचा चेहरा उतरला. आईबाप चहा घ्यायला खाली गेले तशी ती म्हणाली, "दिवाळीला मला रजा न्हाई. पुढच्या वर्षी कधी मिळंल ठाऊक न्हाई. बाबांचं वय माझ्या रजेसाठी थांबणार हाय का?" मग थोडं थांबून म्हणाली, "बाबांनी दोन गावची पोरं शिकवली, माझे दोन्ही भाऊ शिकवले. मला न्हाई शिकवलं. पोरीच्या जातीला काय करायचंय म्हणाले. मी काठावर बसून सगळ्यांचे कपडे राखायचे. मस्कतला पहिल्यांदा पाण्यात उतरले तेव्हा बाजूला एक माणूस ओळखीचं नव्हतं. तवा बाबांचा लई राग आला. लई आठवण बी आली. एकदा त्यांचा हात धरून खाली जायचंय, बस."

तरी 'नाही' म्हणून मोकळं व्हावं असंच वाटत होतं. पण बालाजीच्या आईनं मला न तपासता नाही म्हणायला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, डॉक्टरचा कागद आणा, तलावात पास व्हा, मग बघू. दोघा नवरा-बायकोचे पासपोर्ट होते. लेकीला भेटायला जायचं म्हणून काढलेले, कधी न वापरलेले, पेटीत पडून. डॉक्टरांनीही तपासून कागद दिला, म्हणाले, यांचं काळीज माझ्यापेक्षा बरं आहे. जागा माझ्या डोक्यात पक्की होती, श्रीलंकेचं मागचं दार, त्रिंकोमाली.

अडलं ते तलावात. दत्तराव मामा पाण्यात गेले की डोळ्यांचं पारणं फिटावं असं अंग फिरवायचे, पण नळी तोंडात आणि श्वास बंद. संतोष डोक्याला हात लावून म्हणाला, "हो माणूस मासो आसा अप्पा, पण श्वास घेणा नाय!" बुडबुडे यायचेच नाहीत. एक दिवस झाला, दुसरा झाला. त्याच तलावात नांदेडच्या बँकेतल्या एक बाई होत्या. पाण्याला इतक्या घाबरायच्या की पायरीचा दांडा सोडत नव्हत्या. त्यांना दहा मिनिटांत जमलं, कारण त्यांना दम धरायचं ठाऊकच नव्हतं. हे मामांनी पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी त्यांचं टाळकं सरकलं. नळी फेकून ते काठावर आले.

"हे पोरासोरांचे खेळ! चाळीस वर्सं दमावर गावात मान हाय माझा. इथं त्योच गुन्हा व्हय?"

रेखा पाण्यातच उभी होती. तिचाही तोल गेला. "बाबा, तुम्ही मला शिकवलं न्हाई. आता मी शिकवून राहिले तर तुम्हाला शिकायचं न्हाई!"

"काय शिकवलं न्हाई तुला? नर्स केली न्हाई का?"

"पोहायला. सगळ्या गावाला शिकवलं, मला सोडून."

ही गोष्ट मामांना पहिल्यांदाच कळत होती, असं त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. टॉवेल खांद्यावर तसाच राहिला. मग म्हणाले, "तवा पोरीनं इहिरीत उतरायचं कुनी म्हनत नव्हतं, रेखे. मी बी न्हाई म्हनलो." एवढंच बोलून ते भिंतीकडं तोंड करून बसले. मला वाटलं, संपलं. मनातून सुटल्यासारखंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

चंद्रकलाबाई तिन्ही दिवस डबा घेऊन काठावर बसून होत्या. त्या डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "मोटंवर गाताना कुठं जात होता तुमचा दम?"

"काय?"

"मी लगीन होऊन आले तवा मोट होती. पहाटंपसून गात होता. मोट खाली सोडताना गप, वर येताना लांब सूर, थारोळ्यात पानी पडूस्तोवर. तवा तर छातीत काय ठिवत नव्हता."

ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीवर चामड्याची मोठी पिशवी दोराला बांधलेली असायची. बैल मागं सरकले की ती खाली जाऊन भरायची, बैल उतारानं पुढं गेले की वर येऊन थारोळ्यात, म्हणजे दगडी कुंडात, रिकामी व्हायची. हाकणारा गात राहायचा. बैलांची चाल आणि माणसाचा श्वास एकच होऊन जायचा.

मामा उठले, नळी उचलून तोंडात घातली आणि पायऱ्या उतरले. मोट खाली गेली, श्वास आत. मोट वर आली, श्वास बाहेर, थारोळं भरेपर्यंत. बुडबुड्यांची माळ लागली. संतोषनं पाण्यात मुंडी घालून बघितलं आणि वर येऊन मला अंगठा दाखवला. चंद्रकलाबाईंनी डब्याचं झाकण परत उघडलं, म्हणाल्या, "आता जेवा समदे."

मी सहसा सहलीबरोबर जात नाही. या वेळी गेलो. संतोषलाही नेलं. पाठवून घरी बसण्याची माझी छाती नव्हती.

त्रिंकोमालीला पहिल्या सकाळी तिथला डाइव्हवाला म्हणाला, "आज नाही. पाण्याला ओढ आहे." रेखाच्या रजेचे मोजून तीन दिवस उरलेले. ती रडवेली झाली, मामा चिडले. "ह्याच्यासाठी एवढ्या लांब आनलं व्हय?" मी मात्र मनात त्या माणसाच्या पाया पडलो. नाही म्हणतो, म्हणूनच त्याच्याकडं आलो होतो. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात आम्ही दिवसभर पाण्याकडं बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी त्यानं मान डोलावली. मामा, रेखा आणि संतोष खाली गेले. चंद्रकलाबाई आणि मी होडीत. मला काही दिसत नव्हतं, फक्त तीन ठिकाणी बुडबुडे येत होते. मी मधल्या, मामांच्या बुडबुड्यांवर नजर लावून होतो. मोट खाली, मोट वर. छान चाललं होतं. आणि मधले बुडबुडे थांबले.

बालाजीची आई माझ्या डोळ्यांसमोर येऊन उभी राहिली. मी होडीची कड धरली. चंद्रकलाबाईंनी विचारलं, "काय झालं ओ?" महादेवाचं नाव घेत मी पाण्याकडं बघत राहिलो. किती वेळ गेला कोण जाणे, थोडाच असेल. मग एक मोठा फुगा आला, त्याच्यामागं दुसरा, आणि परत माळ लागली.

वर आल्यावर कळलं. खाली एक कासव अगदी तोंडासमोरून गेलं आणि मामांनी दचकून दम धरला, बालाजीसारखाच. पण त्यांचा हात रेखाच्या हातात होता. तिनं तो धरून मागं-पुढं, मागं-पुढं केला, दोर ओढावा तसा. मामांना मोट आठवली.

होडीत चढल्यावर मामांनी काच काढली. डोळे लाल झालेले. आम्हाला वाटलं, मासे सांगतील, कासव सांगतील. ते रेखाकडं बघत राहिले आणि म्हणाले, "रेखे, तिकडं तू एवढ्या पान्यात एकलीच उतरत होतीस?"

"हाव, बाबा."

"भ्या वाटत नव्हतं?"

"वाटत होतं ना."

मामांनी टोपीनं तोंड पुसलं. परत येईपर्यंत त्यांनी तिचा हात काही सोडला नाही.

गेल्या दिवाळीत रेखाचा फोन आला. "अप्पा, या वेळी रजा दिवाळीची मिळाली. भोकरला या." मी म्हटलं, समुद्र सोडून विहिरीवर काय काम? ती म्हणाली, या तर खरं.

लांबूनच गलका ऐकू आला. विहिरीत दहा-बारा पोरी होत्या, कुणाच्या कमरेला भोपळा, कुणाच्या पाठीला डबा. पायरीवर मामा उभे राहून ओरडत होते, "तोंड मिटू नका गं! गा! मोठ्यानं गा!" आणि पोरी पाणी उडवत, बेसूर गात हातपाय मारत होत्या. मी म्हटलं, "मामा, विहिरीत दम धरला तरी चालतो की."

"चालतो. पर मी धरू देत न्हाई." मग मला वरून खाली न्याहाळून म्हणाले, "भोपळा उरला तर तुमाला बी उतरवतो, अप्पा."

तेवढ्यात रेखा आली. तिच्याकडं साठ फुटांपर्यंत जायचं कार्ड आहे. ती पंजाबी ड्रेसची ओढणी काढून बापापुढं पाठ करून उभी राहिली. मामांनी पत्र्याचा डबा घेतला, तिच्या पाठीला लावला, दोर कमरेभोवती फिरवून गाठ मारली. ओढून बघितली. सोडून परत मारली.

"बाबा, घट्ट बांधा हं," ती म्हणाली.

"गप. पयल्या टायमाला असंच बांधतेत." त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "हान उडी."

तिनं उडी हाणली. पोरींनी टाळ्या पिटल्या.

विहिरीच्या कडेला लिंबाखाली चपला, ओढण्या आणि दप्तरांचा ढीग पडला होता. त्याच्याजवळ मिशीवाला एक चाळिशीचा माणूस मांडी घालून बसलेला. मी विचारलं, आपण कोण?

"मी रेखाचा थोरला भाऊ."

"इथं काय करून राहिले?"

"बाबांनी बसवलंय," तो म्हणाला. "कपडे राखून राहिलो."